नावाआधी सोडलेली जागा

आमचे हे लग्नपत्रिका लिहायचे. अख्खी पत्रिका कट निबनं कागदावर काढायची, मग प्रेसवाला त्यावरून छापायचा. अक्षर लई वळणदार. त्यांच्या वेलांट्या बघायला लोक दुकानात थांबायचे.

एकच गोष्ट ते लिहीत नसत. ‘कै.’ तरुणपणी मंद्रूपच्या एका पत्रिकेत नवरदेवाच्या आजोबांच्या नावाआधी त्यांच्या हातून चुकून ‘कै.’ पडलं. आजोबा चांगले धडधाकट. पत्रिका वाटून झाल्या आणि लग्नाला आठवडा उरला असताना ते खरंच गेले. झालं. तेव्हापासून गेलेल्या माणसाचं नाव आलं की हे आधी बोटभर जागा सोडायचे आणि कागद माझ्याकडं सरकवायचे. बोलायचे काही नाहीत. मी पिठाचा हात पुसत यायची आणि ‘कै.’ काढायची. लिहायला त्यांनी मला तेवढंच शिकवलं.

ते गेल्यावर नातीनं ट्रंकेतल्या जुन्या पत्रिकांवरून त्यांच्या अक्षराचा फॉन्ट केला. बटणं दाबली की त्यांचा हात उमटतो. तिनं सहज ‘मोबाईल’ लिहून दाखवलं, आणि मी खुर्ची धरली. हा शब्द त्यांनी जन्मात कधी लिहिला नव्हता.

यंदा तिचंच लग्न ठरलं. पत्रिका आजोबांच्या अक्षरात, हा तिचा हट्ट. माझी एवढीच इच्छा, की हिच्या डोक्यावर अक्षता टाकून मग काय व्हायचं ते होऊ दे.

दुपारी तिनं कॉम्प्युटरवर पत्रिका दाखवली. वर ‘कै.’, ते माझ्या हातचं. पुढं त्यांचं नाव, त्यांच्या हातचं. आणि खाली माझं नाव. आयुष्यभर त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही की लिहिलं नाही, ते तिथं असं नटून बसलेलं. मीच नातीला म्हटलं होतं, माझ्या नावाला श्रीमती-बिमती काही लावू नकोस. पण नावाआधी बोटभर जागा मोकळी होती.

“हितं जागा का सोडलीस गं?”

“अगं आज्जी, वरचीच ओळ खाली घेतली आणि ‘कै.’ खोडलं. राहिली असेल.”

तिनं माझ्यादेखत ती बुजवली. नाव डावीकडं सरकलं. मी नीट बघून घेतलं.

चार दिवसांनी प्रेसमधनं गठ्ठे आले. वरची पत्रिका उचलली, तर जागा होती तशी. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. नात म्हणाली, चुकून आधीची फाईल गेली, कुणाच्या लक्षातही येणार नाही. खरंच की, कुणाच्या येणार? त्या जागेची सवय एकट्या माझ्या हाताला. बसल्या जागी बोटं आपोआप निब धरल्यासारखी जुळली, ती मी पदरात दाबली.

सून चारी कोपऱ्यांना कुंकू लावत होती. मी हळदीची वाटी ओढून घेतली आणि प्रत्येक पत्रिकेत त्या जागेवर हळदीचं बोट टेकवलं. पहिली पत्रिका सिद्धेश्वराला गेली, तीही बोट लावूनच.

एक तेवढी बिनहळदीची ठेवली. ती त्यांच्या निबांच्या डब्यात घातली आणि फोटोकडं न बघता म्हटलं, “कळलं मला. पण आधी लग्न होऊ द्या की.”

डबा मी कपाटात खाली, साड्यांच्या मागं ठेवलाय. लग्नाला अजून अकरा दिवस आहेत.