पाचवं जाकीट

टिकली मास्तर समोरच्या माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी त्याच्या बाहीची शिवण बघायचे. ओळख असो नसो, बाहीचं टोक दोन बोटांत धरून उलटं करायचे आणि विचारायचे, “कुणी शिवलंय हे? माणसानं का उंदरानं?” माझ्या लग्नात स्टेजवर येऊन त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या सुटाची बाही अशीच उलटी केली होती. तो माणूस कोण होता, असं सासरे अजून विचारतात. “आमचे टेलर,” एवढंच मी सांगतो. उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी बरीच वर्षं दाबून ठेवलं.

मास्तरांचं खरं नाव दत्तात्रय. मूळचे कुरुंदवाडचे. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत त्यांचं एका दाराचं दुकान होतं आणि तिथं ते लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवायचे. लाल मखमल, सोनेरी गोफ, खांद्यावर झालर आणि जागा सापडेल तिथं टिकल्या. बँडवाल्यांची नस त्यांना ठाऊक होती, कारण ते स्वतः तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत आले होते. प्रत्येक कोटाला आतून, डाव्या बगलेखाली, ते घालणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर दोऱ्यानं काढायचे. “वरात संपली की सगळं कोट एका ढिगात पडत्यात,” ते म्हणायचे. “बारक्याचा कोट ढोल्यानं घातला की दुसऱ्या दिवशी नवरीपेक्षा त्योच जास्त रडतोय.”

त्यांच्याकडं आम्ही कसे पोचलो, तर आम्हाला हवे तसे कपडे शिवून द्यायला दुसरा कुणी तयारच नव्हता. इंजिनिअरिंग कॉलेजातली आम्ही चार पोरं. बँडचं नाव ‘चमकी’. मी गायचो, पक्या गिटार वाजवायचा. परदेशातल्या जुन्या ग्लॅम रॉक बँडांचे फोटो बघून आम्हाला खूळ लागलं होतं. डोळ्यांत काजळ, गालावर चंदेरी पावडर, टाचेचे बूट आणि गाणी अशी की शेजारच्या घरातली भांडी वाजावीत. अख्खं गाव आम्हाला हसायचं. “तमाशात भरती झाला व्हय रं?” असं मला माझ्या चुलत्यांनीच भर चौकात विचारलं होतं. मास्तर मात्र हसले नाहीत. मोबाईलवरचा फोटो त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितला आणि म्हणाले, “हे गोरं बी आमच्यातलंच हाय की! झालर जरा चुकलीया.” मग जांभळ्या चमकीच्या कापडाची चार जाकिटं त्यांनी अशी शिवली, की ती घालून आरशासमोर उभं राहिल्यावर आम्हाला आमचीच भीती वाटली.

माझं जाकीट दर कार्यक्रमाला फाटायचं. गाणं टिपेला गेलं की मी उजवा हात झटक्यात वर करायचो आणि बगलेत टर्र आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी मी दुकानात हजर. “हात वर कर, पर बेतानं,” मास्तर सुई ओवता ओवता सांगायचे. “कापड तुझ्या आवाजाएवढं निबर न्हाय.”

एकदा मापं घ्यायला ते आमच्या तालमीच्या खोलीवर आले आणि तोंडात टाचण्या धरून त्यांनी आमची चार गाणी ऐकली. मग टाचण्या काढून शांतपणे म्हणाले, “सगळंच चमकाय लागल्यावर टिकली दिसणार कुठं? खाली काळं अस्तर लावा की जरा.” मला राग आला. शिंप्यानं आम्हाला संगीत शिकवावं! पण घरी जाऊन आमचंच रेकॉर्डिंग ऐकलं आणि पहिल्यांदाच मला ते सलग एक गोंगाट वाटलं. राग तसाच राहिला, पण झोप गेली.

दुसरा अल्बम आम्ही त्या अस्तरावर केला. कळंब्यात एका बंगल्याच्या मागच्या खोलीत स्टुडिओ होता. तिथं आम्ही पेटी आणली, हलगी आणली, आवाज खाली आणायला शिकलो. शेवटच्या गाण्यात काहीतरी कमी पडत होतं, तेव्हा पक्या म्हणाला, “मास्तरांना बोलाव.” दुपारचं दुकान बंद करून ते आले, दाराबाहेर चपला काढल्या, क्लॅरोनेटची पट्टी जिभेवर ओली केली आणि डोळे मिटून वाजवायला लागले. नवरी सासरी निघताना बँडवाले वाजवतात त्या चालीचाच काहीतरी धागा होता, पण इतका संथ, की मला आईचा चेहरा दिसला. पक्यानं गिटार खाली ठेवलं. अल्बमला नावही त्यांच्याच बोलण्यातून मिळालं. “कापडाची उलटी बाजू बघावी, कारागीर तिथं घावतो,” असं ते नेहमी म्हणायचे. आम्ही ‘उलटी बाजू’ असं नाव दिलं. आजही कुठली कुठली पोरं त्या अल्बमबद्दल मला मेसेज पाठवतात. कोल्हापुरात असं पुन्हा झालं नाही म्हणतात. ते मास्तरांमुळं झालं, हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

प्रकाशनाच्या कार्यक्रमाला मास्तर नाट्यगृहावर सगळ्यांच्या आधी आले. दाढी गुळगुळीत, उरलेल्या केसांना तेल. एका हातात क्लॅरोनेटची पेटी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीच्या तोंडातून जांभळ्या चमकीची बाही बाहेर आली होती. माझ्या लक्षात आलं. आमच्या चौघांच्या जाकिटांतून उरलेल्या कापडाचं त्यांनी पाचवं शिवलं होतं, स्वतःसाठी. मी त्या बाहीकडं बघितलं आणि मग मास्तरांकडं. बुटकी मूर्ती, टक्कल, दोरीनं बांधलेला चष्मा. लोक म्हणतील, पोरांनी लग्नाचा बँड आणला. एवढाच विचार माझ्या डोक्यात आला, आणि मी म्हणालो, “मास्तर, तुम्ही विंगेतून वाजवा. आवाज तिथून चांगला येतो.”

त्यांनी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं. “व्हय की,” म्हणाले. “तिथं वाऱ्याला बी बरं.”

शेवटच्या गाण्यात विंगेच्या अंधारातून क्लॅरोनेट आलं. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात. मागून कुणीतरी ओरडलं, “ते कोण वाजवतंय रं? दाव की त्याला!” आता तरी त्यांना हाताला धरून पुढं आणायला हवं होतं. पण टाळ्यांनी माझं डोकं फिरलं होतं. मी माईकवर म्हणालो, “कोण न्हाय, मशिन हाय, मशिन!” लोक हसले. मीही हसलो.

आत गेलो तेव्हा मास्तर वाद्य पुसत होते. पिशवी तशीच गाठ मारलेली. माझी बगल नेहमीप्रमाणं उसवली होती. त्यांनी खिशातून सुई-दोरा काढला, मला उभ्या उभ्या चार टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, “मशिनला च्या सांगा की कुणीतरी.” बस्स. त्यानंतर कधी त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

पुढं बँड मोडला, मी फरशीचं दुकान टाकलं, पोट सुटलं. शुक्रवार पेठेतून जायची वेळ आली की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो. लग्नाची पत्रिका पोस्टानं पाठवली, तरी ते आले.

यंदा पक्यानं ‘उलटी बाजू’चा कार्यक्रम पुन्हा करायचं ठरवलं. जाकीट काढून बघितलं तर पोटावर वीतभर तोकडं. आता मास्तरांकडं जावंच लागलं. ते फार वाळले होते. त्यांनी आधी माझी बाही उलटी करून बघितली, मग पोटावर टेप लावला. “पावणं, ही दोन माणसं हायती,” म्हणाले. मी धीर करून बोललो, “मास्तर, या खेपेला पुढं उभं राहायचं. माझ्या शेजारी.” ते हसले, तेव्हा समोरचे दात गेलेले दिसले. “आता फुकायचं कशावर? मशिनच लाव.” ते टोचून बोलले नव्हते. म्हणूनच टोचलं. “निदान तुमचं जाकीट घालून या. ते पाचवं,” मी म्हणालो. त्यांनी मान खाली घातली. “ते हाय की. नीट हाय. तुझं बघू आधी. असलं कापड आता गावात न्हाय, पर करतो काय तरी.” माफीचे शब्द तोंडात घोळत होते. पण त्यांनी विषय बदलला, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

जाकीट त्यांनी चार दिवसांत घरपोच पाठवलं. तीन आठवड्यांनी ते गेले. कार्यक्रम त्यानंतर दहा दिवसांनी होता.

त्या दिवशी कपडे करताना मी जाकीट उलटं केलं. सवय त्यांचीच. दोन्ही बगलांखाली त्याच जांभळ्या चमकीच्या रुंद पट्ट्या जोडल्या होत्या, टाका असा की हाताला लागू नये. डाव्या बाजूला माझा ‘वि’ होता. त्याच्या शेजारी, जोडलेल्या पट्टीवर, त्याच दोऱ्यानं काढलेला ‘द’ होता, पाचव्या जाकिटातला. टाके उसवून ते अक्षर काढून टाकायला त्यांना एक मिनिट लागलं नसतं. मी जाकीट सुलटं केलं आणि अंगात घातलं.

शेवटच्या गाण्यात क्लॅरोनेट कीबोर्डवर वाजलं. या खेपेला खरंच मशिन होतं. गाणं संपल्यावर मी माईक धरला आणि सांगितलं, “मागच्या खेपेला मशिन नव्हतं. मी खोटं बोललो. तिथं दत्तात्रय मास्तर उभे होते.” आणि विंगेकडं दाखवायला मी उजवा हात झटक्यात वर केला, पूर्वीसारखाच.

कान बगलेकडं लागले होते. काही उसवलं नाही. आत कापड भरपूर होतं. हात तसाच वर धरून मी रिकाम्या विंगेकडं बघत राहिलो.