पानाकाकांचे कान

पानाकाकांना पोहता येत होतं, सायकल तर येतच होती, आणि धावणंही वयाच्या मानाने बरं होतं. जमत नव्हतं ते एकच. कुठे काही कुरकुरलं की त्यांना पुढे जाता येत नव्हतं. या एका खोडीपायी गावच्या ट्रायथलॉनमध्ये ते लागोपाठ अकरा वर्षं वेळेबाहेर राहिले होते.

त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि खिशात कायम एक पाना असायचा, म्हणून पानाकाका. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलीचा नुसता आवाज ऐकून ते आतून ओरडायचे, "मागचं बेअरिंग गेलंय!" आणि ते खरोखरच गेलेलं असायचं.

गिऱ्हाइकाचं चाक एकदा का त्यांनी काढून हातात घेतलं, की त्याला ट्रायथलॉनचा इतिहास ऐकावाच लागे. चाक सोडून जाणार कुठे? "पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट," काका सुरू करत. "नुसतं धावून कंटाळलेल्या लोकांनी पोहणं आणि सायकल मध्ये घातली. मग चार वर्षांनी दूरच्या एका बेटावर वाद पेटला, की सगळ्यात दमदार कोण, पोहणारा, धावणारा की सायकलवाला? एकाने तिथल्या तीन लांबलचक शर्यती एकाला एक जोडल्या आणि म्हणाला, आता ठरवा. पंधरा जण निघाले, बारा पोचले. दुसरा आला ना, त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं, तर त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली!" इथवर गिऱ्हाईक हसायचं. मग काकांचा आवाज चढायचा. "बिअरची नोंद आहे. पण त्या पंधरा सायकलींची चेन कोणी बसवली, ब्रेक कोणी आवळले, याची कुठे एक ओळ नाही!" हे ते इतक्या रागाने म्हणत, की ती चूक गिऱ्हाइकानेच केली असावी असं वाटे.

म्हणून त्यांना आपलं नाव हवं होतं. वेळेत पोचणाऱ्यांची नावं तलावाच्या भिंतीवर रंगवली जायची. त्या भिंतीवर एक तरी सायकलवाला दिसावा, एवढीच त्यांची इच्छा होती. पण दर वर्षी सायकलच्या टप्प्यात कोणाची तरी चेन खडखडायची, काका उतरायचे, आणि ज्याची चेन बसवली तो वेळेत पोचायचा. भिंतीवरची निदान वीस नावं काकांच्या पान्यामुळे तिथे होती. पाण्याखाली कुरकुर ऐकू येत नाही, त्यामुळे पोहण्यात मात्र ते पहिल्या दहात असत.

यंदाची संधी शेवटची होती. सत्तरीपुढे प्रवेश नव्हता आणि काका पुढच्या महिन्यात सत्तर पूर्ण करणार होते.

त्यात शेवटच्या रेषेवर दुपारी दोनला वेळ संपल्याची शिट्टी वाजवायला बसायच्या त्या खुद्द काकू. शाळेत तीस वर्षं घंटा दिलेली बाई. मुख्याध्यापकांच्या मुलाचा पेपर अर्धा राहिला तेव्हाही त्यांनी घंटा लांबवली नव्हती. दोन म्हणजे दोन. अकरा वर्षं नवऱ्याच्या तोंडावर शिट्टी वाजवून त्या घरी येत आणि मुकाट्याने त्यांचे पाय शेकत.

या खेपेला काकूंनी कंबर कसली. काकांच्या चड्डीचे खिसे शिवून टाकले. सकाळी कापसाचे दोन बोळे दिले आणि बजावलं, "पाण्यातून बाहेर आलात की कानात घाला. काढलेत तर बघा." मग त्या स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून निघाल्या. या खुर्चीचा मागचा पाय वर्षभर करकरत होता, पण काकांना त्यांनी हात लावू दिला नव्हता. बिचारे काका वर्षभर बाहेरच्या खोलीत जेवले.

"तिथे गादीची खुर्ची असते ना?" काका म्हणाले.

"मला हीच लागते," काकू म्हणाल्या, आणि विषय संपला.

कापसाने कमाल केली. वाटेत तिघांच्या चेन पडल्या, काका ढिम्म. लोक चाट पडले. धावण्याचं शेवटचं वळण आलं तेव्हा हातात तब्बल सहा मिनिटं होती. रेषा समोर दिसत होती. आणि तिथेच घामाने भिजलेला एक बोळा टपकन खाली पडला.

कुईं, कुईं. गर्दीतल्या एका बाईच्या बाबागाडीचं चाक.

काका थांबले. आधी नुसते बघत उभे राहिले. मग वाकले आणि मोज्यातून एक छोटा पाना काढला. खिसे शिवणाऱ्या बाईला मोजे सुचले नव्हते.

"काका, पळा! वीस पावलं राहिली!" गर्दी बोंबलत होती. बाबागाडीवाली रडकुंडीला येऊन गाडी ओढत होती, पण काकांनी चाक घट्ट धरलं होतं. "एक मिनिट, बाई, एकच मिनिट."

दोन वाजायला खरोखर एकच मिनिट उरलं होतं.

काकू ओरडल्या नाहीत. अकरा वर्षांत ओरडण्याचा काय उपयोग होतो ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी शिट्टी दातात धरली, घड्याळ समोर धरलं, आणि रेषेच्या पलीकडे मांडलेल्या खुर्चीवर सगळा भार टाकून त्या मागेपुढे डुलायला लागल्या.

कर्रर्र. कर्रर्र. कर्रर्र.

काकांची मान वर झाली. "अगं, हलू नकोस! पाय निखळेल!" बाबागाडी सोडून ते असे सुटले, की सबंध दिवसात इतके जोरात धावले नव्हते. रेषा कधी ओलांडली ते त्यांना कळलंसुद्धा नाही. खुर्चीमागे बैठक मारून त्यांनी पाना लावला.

काकूंनी घड्याळ पाहिलं. अकरा सेकंद बाकी होते. ते त्यांनी एकेक करून जाऊ दिले. दोनच्या ठोक्याला, ना आधी ना नंतर, काकांच्या डोक्यावर कर्कश शिट्टी वाजली. काकूंचे डोळे घळाघळा वाहत होते.

"अहो, उठा. झालं तुमचं!"

"झालं कुठे?" खुर्चीखालून काका खेकसले. "अजून दोन आटे आवळायचे राहिलेत."