गोदाबाईचं मत

गोदाबाई सरपंच झाली तेव्हा हार पडले मोतीलालच्या गळ्यात. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, खुद्द गोदाबाईलाही नाही. लालबर्‍याजवळच्या त्या गावात सरपंचाची जागा बाईसाठी राखीव निघाली, म्हणून मोतीलालनं बायकोला उभं केलं. दारोदार हात त्यानंच जोडले आणि निकालानंतर गाव त्यालाच ‘सरपंचसाब’ म्हणू लागलं. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी तेवढी गोदाबाईच्या हाती, भाषण नवऱ्याचं. सरकारनं कायदा केला, जागा दिली, खुर्ची दिली. आता त्या खुर्चीत नवरा बसू नये म्हणून पहारा ठेवायचा होता की काय?

पण गोदाबाई काही मुकी नव्हती बरं का. बांधावर तिचं तोंड असं चालायचं की मजुरांना हसता हसता काम सुचू नये. नाल्यापलीकडच्या टोल्यातली, म्हणजे गावापासून सुटलेल्या वस्तीतली, आम्रपाली तिच्या वावरात धान रोवायला यायची. दोघींचं चांगलं गूळपीठ होतं. आम्रपालीची पोरगी दीपिका सायकलीवर लालबर्‍याच्या मोठ्या शाळेत जायची. पावसाळ्यात नाला भरला की टोल्याचा रस्ता बंद, मग पोरगी घरी बसून. नाल्यावर ठेंगणा पूल, तिकडं त्याला रपटा म्हणतात, एवढा झाला असता तरी काम भागलं असतं. रोवणीच्या चिखलात उभं राहून गोदाबाईनं आम्रपालीला रपट्याचा शब्द दिला. तोही निवडून आल्यावर, म्हणजे मनापासूनच.

पुढे पंचायतीला पैसा आला, पण एकाच कामापुरता. अर्धे पंच म्हणाले रपटा करा, अर्धे म्हणाले गावाच्या तोंडाशी स्वागतद्वार उभारा. द्वारावर मोतीलालच्या आजोबांचं नाव लागणार होतं. हात वर झाले, मोजले, तर दोन्हीकडं सारखे. सचिव म्हणाला, अशा वेळी सरपंचाचं मत पडेल ते खरं. आणि नेमका त्या दिवशी मोतीलाल दाढ काढायला बालाघाटला गेलेला!

सगळ्यांच्या माना गोदाबाईकडे वळल्या. सरपंच झाल्यापासून पहिल्यांदाच तिला कुणी काही विचारत होतं. रपटा म्हणायचं, बस. शब्द अगदी ओठावर आला होता. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "ह्यायले येऊ द्या. मंग सांगू."

कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं ते रीतीला धरून होतं. सचिवानं बैठक दुसऱ्या दिवसावर टाकली. घरी तिनं टोल्याचा विषय काढून पाहिला. मोतीलालनं सुजल्या गालावर हात धरून सांगितलं, टोल्याचं पुढच्या साली पाहू. दुसऱ्या दिवशी तो तिच्या शेजारी येऊन बसला आणि तिनं द्वारासाठी हात वर केला.

द्वार झालं, रंगलंही झकास. पुढचं साल मात्र काही आलं नाही. दोन पावसाळे दीपिकाची शाळा बुडत राहिली आणि ती दहावीत नापास झाली. बाप नागसेन म्हणाला, आता कशाला वाया घालवायचं पोरीचं वय, आणि तिला नागपूरला कुणाच्या तरी घरी पोरं सांभाळायला धाडून दिलं. गोदाबाईला हे कळलं तेव्हा सरपंचकी संपलेली होती. राखीव जागा खुली झाली होती, खुर्चीत दुसराच कुणी आला होता.

तिला अन्न गोड लागेना. मनातल्या मनात ती त्या बैठकीत पुन्हा जाऊन बसायची आणि दर वेळी खणखणीत आवाजात रपटा म्हणायची. आता कितीही खणखणीत म्हणा, ऐकायला कोण होतं? नाला आटल्यावर एक दिवस ती टोल्यात गेली. आम्रपालीनं खाट टाकली, चहा ठेवला. ती शिव्या देईल, निदान तोंड तरी फिरवेल, अशी तयारी करूनच गोदाबाई आली होती.

"माह्यापायी दीपिकाची शाळा सुटली," ती म्हणाली. "बोल लाव मले."

आम्रपाली खरंच चकित झाली. तिच्या मनात यातलं काही नव्हतंच.

"तुमाले काहून बोल लावू, बाई? टोल्यानं मत मोतीलालभाऊलेच देलतं. तुमचं तं नुसतं नाव होतं."

बोलण्यात खोच नव्हती, टोमणा नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर गोदाबाई रडून मोकळी तरी झाली असती. आता माफी मागायची तरी कुणी? जिचा गुन्हा, ती तर गावाच्या लेखी तिथं नव्हतीच.

"सरपंच मी होती, आम्रपाली," ती म्हणाली. "हात माहा होता."

"हौ," आम्रपाली म्हणाली, एखाद्या म्हातारीचं मन राखावं तशी, आणि चहाचा गिलास तिच्यापुढे सरकवला. "घ्या. थंडा होऊन राह्यला."