पऱ्हाटीच्या कोळशाचं पाणी

कोळसा धुवायला बसलं की पहिल्या बादलीला काळं पाणी येतं आणि दहाव्या बादलीलाही थोडं येतंच. आमच्या भट्टीवरच्या किश्श्यांचं तसंच आहे. संपले म्हणावं, तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "अन् ते मिश्रीचं?"

आधी भट्टी कशाची ते सांगतो. साखऱ्याच्या पुढे आमचा तांडा. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लहानपणापासून ते प्यायलं की दातांवर तपकिरी डाग पडतात. माझ्याही दातांवर आहेत, म्हणून मी तोंड मिटूनच हसतो. हिंगोलीच्या एका कॉलेजातल्या मॅडमनी उपाय काढला. कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्यांचा कोळसा करायचा, तो तुरटीच्या आणि सोड्याच्या पाण्यात भिजवायचा, धुवायचा आणि ड्रममध्ये भरायचा. त्यातून पाणी गाळलं की फ्लोराइड कोळशालाच चिकटून राहतं. कोळसा करणार मी आणि शेषरावमामा. अट एकच होती. तांड्यावर बसवलेल्या ड्रमच्या पाण्याचा रिपोर्ट चांगला आला तर ड्रम राहणार, नाहीतर उचलून नेणार.

*

मामांनी आयुष्यभर पऱ्हाट्या बांधावर जाळल्या. भट्टीचं झाकण लावायचं म्हटल्यावर ते घाबरले.

"हवा बंद केली तर आग मरंल की!"

"मरू द्यायचीच आहे, मामा," मॅडम म्हणाल्या.

मामांना राहवेना. आग गुदमरली का काय, हे बघायला ते घडीघडी झाकण उघडायचे. संध्याकाळी आत नुसती राख! मॅडमनी ती चिमटीत घेऊन पाहिली. मग मामाच हळूच म्हणाले, "मॅडम, निदान भांडे तरी घासून घ्या!"

*

लोकांचा विश्वास बसावा म्हणून मॅडमनी ग्लासभर पाण्यात हळद कालवली आणि ते कोळशातून गाळलं. खालून नितळ पाणी आलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त सक्रीबाईंनी नाही. त्यांना सगळे 'याडी', म्हणजे आई, म्हणतात आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय तांड्यावर काही होत नाही.

"हळद काढून टाकली? मंग पाण्यात चांगलं असं राहिलं काय?"

एवढं बोलून त्यांनी दोन वर्षांच्या नातीला, परीला, कडेवर घेतलं. "जळक्या पऱ्हाटीचं पाणी माझ्या लेकराला न्हाई!" म्हणत त्या सरळ बोअरवर गेल्या.

मॅडमचा चेहरा उतरला. लहान लेकरांनाच या पाण्याची खरी गरज, कारण त्यांचे पक्के दात अजून हिरडीच्या आत तयार होत असतात. त्या दिवसापासून परीला हे पाणी मिळावं, एवढाच आम्हा तिघांना ध्यास.

*

मिश्रीचं, म्हणजे दातांना लावायच्या भाजक्या तंबाखूचं, असं झालं. मामी भाकरी घेऊन भट्टीवर आल्या. फळीवर बारीक कुटलेल्या कोळशाचा डबा होता. मामींनी चिमूट घेतली, दातांना लावली आणि भिंतीला टेकून बसल्या. अर्धा तास झाला.

"भेसळीची हाय हो तुमची मिश्री," त्या मामांवर करवादल्या. "डोकं जरासुदिक फिरून नाही राहिलं!"

*

सोडा पूर्ण निघेपर्यंत कोळसा धुवावा लागतो. निघाला की नाही, ते कागदाच्या पट्टीवर कळतं. एकदा पट्ट्याच संपल्या आणि मॅडमचा फोन लागेना. याडी रोजच्यासारख्या चुका काढायला येऊन बसल्या होत्या.

"काहून अडून बसले?"

मी सांगितलं. त्या घरी गेल्या, तळहातावर हळद घेऊन आल्या आणि तिच्यावर धुवणाचे दोन थेंब टाकले. हळद लाल झाली!

"हळदीत चुना पडला की कुंकू होतं, तसंच सोड्याचं. अजून धू."

अजून चार बादल्या ओतल्या. मग हळद पिवळीच राहिली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी पट्टीवर पाहिलं, तर अगदी बराबर.

"याडी, हे कुठं शिकलात?"

"लगीन झालं तवा."

तेव्हापासून प्रत्येक घाणा त्यांच्या हळदीवर पास होऊ लागला. पण परीला त्या कोणतं पाणी पाजतात, हे विचारायची माझी हिंमत होईना.

*

शेवटी तपासणीची वेळ आली. मॅडमनी बाटली याडींच्या हातात दिली. "सकाळी भरून ठेवा." मी ती स्वतः हिंगोलीला पोचवली, मांडीवर धरून.

रिपोर्ट आला. फ्लोराइड बोअरच्या पाण्याइतकंच! मॅडमनी कागद दोनदा वाचला. मी शाळा आठवीतच सोडली, नापास व्हायला तिथे थांबलोच नव्हतो. इथे झालो.

ड्रम न्यायला टेम्पो आला. याडी परीला घेऊन आडव्या उभ्या राहिल्या.

"काहून नेऊन राहिले?"

"याडी, तुम्ही भरलेलं पाणी तपासलं," मॅडम म्हणाल्या. "ते बोअरसारखंच निघालं."

"बोअरचंच हाय ते!"

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.

"तुम्ही बाटली बोअरवर भरली?"

याडींनी परीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"मंग? ड्रमची धार एवढीशी. चांगलं पाणी बाटलीत घालून हिंगोलीला धाडू, अन् हिनं काय प्यावं?"