दोन डोळ्यांचा पांढरा

ती माझी धाकटी बहीण. सख्खी. आधीच सांगून ठेवतो, गाडीचा रंग जुळवण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. ठोकलेल्या गाडीला नवा दरवाजा बसला की त्याचा रंग जुन्या गाडीशी मिळवायचा, हे तिचं काम. थेंबाथेंबाने रंग घालते, ढवळते, पत्र्याच्या तुकड्यावर मारते, वाळला की उन्हात धरते. शाळा आम्हा दोघांचीही बेताचीच, पण डोकं? ते आमच्या घरातच आहे.

तर तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली आणि बाईसाहेब उशीकडेच बघत बसल्या. गॅरेजच्या मालकांनी एक पांढरी गाडी तिच्यासाठी राखून ठेवलेली, आणि ही म्हणते काम सोडते!

"दादा, ही उशी बघ. उजव्या डोळ्याला निळसर पांढरी दिसते, डाव्याला चहा सांडल्यासारखी. खरी कशी आहे?"

"मला काय विचारतेस? मला धुवायला झालेली दिसते."

"थट्टा नको रे. इतकी वर्षं मी मोतीबिंदूने पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी पांढरा जुळवला. माझ्या नजरेवर माझाच भरवसा उरला नाही."

"अगं, दोन्ही डोळे तुझेच ना? का एक शेजारणीचा बसवलाय?"

ती हसली. हसता हसता थांबली. एक डोळा झाकला, मग दुसरा.

"डोळे दोन, पण दोघांचं ऐकून घेणारी मी एकच," ती म्हणाली. "उशीचं मला ठाऊक नाही. पण मला ती दोन तऱ्हांनी दिसतेय, हे तर पक्कं ठाऊक आहे. त्यात मला कुणी फसवू शकत नाही."

"मग?"

"मग तिथूनच सुरुवात करायची. खरा पांढरा कुठला, ते मरू दे. गाडी आणि दरवाजा दोन्ही डोळ्यांना सारखे दिसले की झालं."

मला निम्मंच कळलं, पण मान अशी डोलावली, जशी काही युक्ती माझीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही तिच्यासोबत गॅरेजात. तिने पत्र्याचा तुकडा गाडीला टेकवला, आधी उजवा, मग डावा डोळा झाकून पाहिलं.

"मिळाला की ताई!" मालक म्हणाले.

"एकाच डोळ्याचा मिळालाय. दुसऱ्याला अजून पटलं नाही."

तिने निळ्याचा थेंब घातला, ढवळलं, नवा तुकडा रंगवला, वाळवला, पुन्हा पाहिलं. डावा, उजवा, डावा. मग स्प्रे गन उचलली.

"दादा, बाजूला हो, शर्टावर उडेल."

म्हटलं, उडू दे.