सल्फर सहा, बाकी ऑप्शनमध्ये

बाळ झाल्यापासून माझ्या पर्समध्ये ओले रुमाल, अर्धं बिस्किट आणि किस्से आपोआप साठत जातात. त्यातल्या त्यात किस्स्यांना वास येत नाही, म्हणून ते बाहेर काढते.

बाळंतपणाच्या मोठ्या सुट्टीनंतर वासणा भागातल्या एका गुजराती क्लासमध्ये मला केमिस्ट्रीसाठी ‘ट्रायल’वर घेतलं. महिन्याच्या अखेरीस मालक जिग्नेशसर मागच्या बाकावर बसून ठरवणार होते, ठेवायचं की नाही. वाट्याला आला ऑक्सिडेशन नंबर. अणूनं इलेक्ट्रॉन दिले की अधिक, घेतले की वजा, आणि सगळ्या संयुगाची बेरीज शून्य. एवढं तरी आठवतंय ना, हे मी रिक्षात बोटांवर तपासत गेले. रिक्षावाल्याला वाटलं, जप चाललाय.

*

पहिल्या दिवशी H₂SO₄ लिहिलं. मी खडू खाली ठेवायच्या आत पहिल्या बाकावरचा हर्ष म्हणाला, “सल्फर, प्लस सिक्स.”

मी खूश. मग H₂S लिहिलं.

“प्लस सिक्स.”

“अरे, हायड्रोजनचे प्लस दोन. बेरीज आठ झाली. शून्य कशी करू?”

“मॅडम, सल्फर बोर्डात सहाच येतो. हा वाला ऑप्शनमां काढी नाखो ने.” ऑप्शनला टाकायचं, म्हणजे परीक्षेपुरतं सोडूनच द्यायचं.

*

घरी सासूबाईंवर सराव केला. म्हटलं, “आई, ऑक्सिजन बहुतेक वेळा दोन इलेक्ट्रॉन घेतोच. देणं त्याला माहीत नाही. फक्त फ्लोरिन भेटला की मुकाट्यानं द्यावे लागतात.”

आई मेथी निवडत म्हणाल्या, “हो, तुझ्या सासऱ्यांना मी भेटले तसं.”

*

Fe₃O₄ सोडवताना लोखंडाला आठ-तृतीयांश आलं. झोप नाही, त्यात हे. पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. मग आठवलं, दोन अणू तीनचे आणि एक दोनचा, ही नुसती सरासरी.

वर्गात ध्रुवीला लगेच पटलं. “म्हणजे घरात दोघं तीन-तीन पोळ्या खातात, एक डाएटवर आहे तो दोन. आठ-तृतीयांश पोळ्या कोणीच खात नाही.”

मी दोन वाक्यं तयार करून आणली होती. ती तशीच गिळली.

*

निकालाचा दिवस. जिग्नेशसर मागे हाताची घडी घालून. त्यांचं शिक्षण कॉमर्सचं, पण चेहरा परीक्षकाचा. मी KMnO₄ लिहिलं. पोरं सुटलीच: पोटॅशियम अधिक एक, चार ऑक्सिजन वजा आठ, म्हणजे मँगनीज अधिक सात.

“बरोबर,” मी म्हटलं.

“पण मॅडम,” हर्ष म्हणाला, “बाहेरच्या फ्लेक्सवर सरांच्या फोटोखाली मँगनीज प्लस आठ छापलंय. पोटॅशियम मोजलाच नाही.”

वर्गात सगळे वळून मागे बघायला लागले. माझी नोकरी मला दारातून जाताना दिसली.

जिग्नेशसर उठले, बाहेर गेले, बराच वेळ वर फ्लेक्सकडे बघत उभे राहिले. परत आले ते थेट माझ्याजवळ.

“बेन, सोमवारपासून या,” ते हळूच म्हणाले. “पण पहिल्या दिवशी मुलं यायच्या आधी. शिडी वॉचमनकडे आहे.”