हरल्यानंतरचा दुसरा सामना

दॉन अबुंदिओ यांनी एकतीस वर्षं डोंगरातल्या बस सहकारी संस्थेत वेळापत्रकं आखली. निवृत्त झाल्यावर ती सवय जायला जागाच नव्हती, कारण सान होसे गावच्या जत्रेतली फुटबॉल स्पर्धाही त्यांच्याच गळ्यात होती. आठ गावांचे आठ संघ, एकच मैदान, शनिवारी सामने आणि रविवारी प्रार्थनेनंतर अंतिम सामना. पद्धत सरळ बाद पद्धतीची. हरला तो घरी. बावीस वर्षांत एक सामनाही पाच मिनिटं उशिरा सुरू झाला नव्हता, आणि याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

त्या वर्षी फेब्रुवारीत नासारियोचा फोन आला. नासारियो म्हणजे त्यांचा जावई, आग्वा सार्का गावच्या संघाचा कप्तान.

"सासरेबुवा, यंदा आमचा संघ धरू नका."

"का रे? पोरं कमी पडतात?"

"पोरं आहेत. पाच तास ट्रकमध्ये उभं राहून यायचं, शाळेच्या फरशीवर झोपायचं, सकाळी आठला हरायचं आणि अकराला परत निघायचं. गावात लोक हसतात आता. म्हणतात, झोपायला गेला होतात का?"

"आणि ओतिलिया?"

"संघ नाही तर ट्रक नाही. ट्रक नाही तर ती कशी येणार?"

ओतिलिया ही त्यांची एकुलती मुलगी. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन ती आग्वा सार्काला गेली. तिकडे बस जात नाही. वर्षातून एकदा, संघाच्या ट्रकबरोबर तेवढी ती माहेरी येई.

फोन ठेवून त्यांनी सगळं एदुविखेसला, बायकोला, सांगितलं. ती मक्याचं पीठ मळत होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

"बरोबरच बोलला तो."

"आठचा सामना मी त्यांच्या सोयीसाठीच ठेवलाय. लांबचे लोक, आदल्या रात्रीच आलेले असतात. लवकर खेळले की उजेडात नदी ओलांडून घरी पोचतात."

"जिंकले तर दुपारी पुन्हा खेळायचं. म्हणजे हरणारच हे तुम्ही आधीच धरून चालता."

दॉन अबुंदिओ वह्यांच्या कपाटाकडे वळले.

"जत्रेचं मोले, मिरच्यांच्या दाट रश्श्यातली टर्की, दोनला तयार होतं," ती म्हणाली. "त्यांना जेवू घालायचं काम आपल्या घराकडे. बावीस वर्षं मी त्यांना डबे भरून देतेय. ताटात वाढलंय कधी?"

दॉन अबुंदिओ यांनी जुन्या वह्या काढल्या. बावीसपैकी वीस वर्षं आग्वा सार्का पहिल्याच सामन्यात हरलं होतं. रात्रभर कुडकुडलेली पोरं, समोर घरून नाश्ता करून आलेला संघ. त्यांनी माणुसकी म्हणून जो नियम केला होता, त्यानेच त्या गावाला दरवर्षी सर्वांत आधी हाकलून दिलं होतं. आणि हे कोणाला, त्यांनाही, कधी दिसलं नव्हतं.

"ओतिलिया तिकडे गेली नसती, तर हे दिसलं असतं का तुम्हाला?" एदुविखेसने विचारलं.

"नसतं," ते म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

आठवडाभर त्यांनी कागद रंगवले. चार-चार संघांची साखळी करावी तर पंधरा सामने होतात. मैदान एक, दिवे नाहीत. हरलेल्यांसाठी वेगळा चषक ठेवावा असं वाटलं, म्हणून त्यांनी नासारियोला विचारलं. तो म्हणाला, "दयेचा चषक? तो तुमच्या कपाटात ठेवा." शेवटी उत्तर सापडलं ते अगदी साधं होतं. सकाळी चार सामने. दुपारी जिंकलेले जिंकलेल्यांशी खेळतील आणि हरलेले हरलेल्यांशी. दोन्ही सामने जिंकणारे दोनच संघ उरतात, तेच रविवारी अंतिम सामना खेळतील. बाद पद्धतीपेक्षा फक्त दोन सामने जास्त, पण कोणीही एक सामना खेळून घरी जाणार नाही.

समितीची बैठक शाळेत भरली. अध्यक्ष दॉन क्रिसोफोरो, गावचे खाटीक. आवाज असा की बाहेरचे टर्की कोंबडे दचकावेत.

"घड्याळमामा, हरलेल्यांना पुन्हा खेळवून काय मिळणार? पुन्हा हरतील!"

"चारांतले दोन जिंकतीलही."

"आणि अंधार?"

"दुपारचे सामने वीस-वीस मिनिटांचे. तीनला सुरू, सहा वीसला संपतात. मी तीनदा मोजलंय."

"तुम्ही तीसदा मोजलं असणार. आणि हे काय? आठला आपला संघ? आपली पोरं जत्रेच्या दिवशी आठला अंथरुणातून पाय तरी काढतील का?"

"मैदान त्यांच्या घरासमोर आहे. सर्वांत जवळचा संघ सर्वांत आधी, सर्वांत लांबचा अकराला."

कोणीतरी हसलं. दॉन अबुंदिओ यांनी कागद टेबलावर ठेवला आणि उभे राहिले.

"एक गोष्ट सांगायची राहिली. माझा जावई त्या संघात आहे. ते लोक एक रात्र जास्त राहिले तर माझी मुलगी एक रात्र जास्त राहते. म्हणून मी मत देणार नाही."

"अहो, हे साऱ्या डोंगराला ठाऊक आहे!" क्रिसोफोरो ओरडले. "बसा खाली! पण लांबचे चार संघ आणखी एक रात्र मुक्कामाला राहिले तर जेवू कोण घालणार?"

"त्यांना जेवू घालणाऱ्या चारही घरी मी जाऊन आलो. बायका हो म्हणाल्या."

"म्हणजे आमच्या आधी बायकांना विचारलंत?"

"स्वयंपाक तुम्ही करणार होतात?"

तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ठरलं. विरोधातलं एक मत अध्यक्षांचं.

संध्याकाळी त्यांनी नासारियोला फोन लावला.

"आणि दोन्ही सामने हरलो तर?"

"तर दोनदा हराल. पण दुसऱ्यांदा हराल तेव्हा झोप झालेली असेल, पोट भरलेलं असेल. मग सबब सांगता येणार नाही."

मग नासारियो म्हणाला, "अकराला म्हणालात ना? येतो."

ते आले. अकराचा सामना एक विरुद्ध तीन असा हरले. दुपारचा दोन-दोन बरोबरीत सुटला. मुख्य म्हणजे, सान होसेचा यजमान संघ आठ वाजता झोपाळलेल्या डोळ्यांनी उतरला आणि चार गोल खाऊन बसला. क्रिसोफोरोंचा धाकटा मुलगाच गोलरक्षक होता.

रविवारी प्रार्थना संपल्यावर क्रिसोफोरोंनी दॉन अबुंदिओ यांना चर्चच्या पायऱ्यांवरच गाठलं. "पुढच्या वर्षी जुनी पद्धत. लिहून घ्या!"

"जानेवारीत बैठक आहे. तेव्हा भांडू."

"आत्ता भांडायला काय झालं? चला मैदानावर, बारा वाजत आले."

"तुम्ही व्हा पुढे."

अंतिम सामना वेळेवर सुरू झाला की नाही, हे दॉन अबुंदिओ यांना नंतर दुसऱ्याकडून कळलं. बारा वाजता ते स्वयंपाकघरात बसले होते. समोर ओतिलिया, पाय स्टुलावर घेऊन, आपल्या लंगड्या शेळीची हकिकत सांगत होती. शेळी कशी हरवली, कुठे सापडली, शेजारणीने कसं तिला आपलीच म्हटलं, मग शेजारणीचा दीर मध्ये कसा पडला. मग त्या दिराच्या लग्नाची वेगळीच गोष्ट निघाली आणि शेळी मागेच राहिली. दॉन अबुंदिओ मध्येच म्हणाले, "थांब, आधी त्या दिराचं नीट सांग."